मी म्हणजे मला

मठपती सर फळ्यावर लिहितात : मी लावो.
आम्ही पाचजणी वहीत उतरवून घेतो
आणि तिथंच फसतो.

हा मी आपला नव्हे, सर म्हणतात.
आपला मी पुढं पाट घेऊन बसणारा, कर्ता.
हा मी म्हणजे मला.
लावो, धुते. मी लावो, मला धुते.
ती म्हणजे तुला.
सी म्हणजे त्याला, तिला, ज्याचं त्याला.
मग सर, रुख्साना विचारते, आपली ती कुठं गेली?
सात रस्त्याच्या त्या वरच्या खोलीत
पंख्यासकट सगळे हसतात.

सर बारा वर्षं बेर्गामोला मागांच्या कारखान्यात होते.
उदाहरणं सुताचीच देतात.
इल फिलो सी रोम्पे. धागा तुटतो.
कुणी तोडलेला नाही, आपला आपण.
आपल्याकडं तोड-तूट म्हणताना आतला स्वर वाकतो,
त्यांच्याकडं बाहेर एक सी लागतो, बस्स.
पूर्व भागातल्या पोरींना
तुटलेला धागा समजावून सांगावा लागत नाही.

विडी घरकुलात संध्याकाळी
अम्माच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
मी भिंतीला टेकून घोकते
आल्त्सो, लावो, पेत्तिनो.
हे काय गं?
उठवते, धुते, विंचरते. तिकडं मला एक म्हातारी मिळेल ना,
तिचं हे सगळं.
आणि मी लावून म्हटलं की माझं.
मी आल्त्सो. मी लावो. मी पेत्तिनो.

अम्मानं मान वर केली नाही.
पानाचं तोंड नखानं मुडपलं, म्हणाली,
मग हे आपलं को.
कडुगु म्हणजे धू, भांडं धू, पोराला धू.
कडुक्को म्हणजे तुझं तू धुऊन घे.
नेर्चुको, शिकून घे.
पंडुको, झोप आता.
एक विडी वळून होईतो
माझा तीन आठवड्यांचा धडा तिनं संपवला
आणि दुसरं पान उचललं.

मग रात्रभर मला सगळीकडं घे दिसू लागला.
जेवून घे, आवरून घे, समजून घे.
पण सांभाळून घे?
मिटवून घे?
कारखानदारानं शंभर विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या
तेव्हा शेजारची लच्चव्वा अम्माला म्हणाली होती, चालवून घे.
त्यातलं घेणं कुणाचं होतं,
सरांना विचारायचं राहूनच गेलं.

भूतकाळ अवघड आहे.
मी सोनो आल्त्साता. मी उठले.
शेवटचा ता सांगतो, उठलेली बाई आहे.
सर करून दाखवताना आल्त्सातो म्हणतात,
पाच ता-मध्ये त्यांचा एकटा तो
लग्नात चुकून बायकांच्या पंगतीत बसलेल्या मामासारखा.

हजार भरल्या. अम्मा उठली, मोरीत गेली.
साबण दोनदा लावला, हात नाकाशी नेला, तिसऱ्यांदा लावला.
दुकानात न खपलेल्या, काठ चुकलेल्या टॉवेलला पुसला.
सी लावा, मी हळूच म्हणाले.
काय?
काही नाही. तू हात धुतेस.
हात धुतेच, ती म्हणाली, वास कुठं जातो.

उद्याला पाच वाक्यं लिहून न्यायचीत, रोजच्या सवयींची.
चार झाली.
पाचव्याला मी स्वेल्यो लिहिलं, मी जागी होते,
म्हणजे मी मला जागं करते,
आणि खोडलं, कारण ते खोटं आहे.
साडेचारला उठवते ती अम्मा.
अम्मा मी स्वेल्या.
अक्षर एकच बदललं, मी तोच राहिला, मला.
स्वेल्या म्हणजे गजराचं घड्याळसुद्धा,
सर जिना उतरता उतरता म्हणाले होते.

सप्टेंबरात निघायचंय.
मंगळवार बाजारातून एक घेऊन ठेवलंय,
निळं, दोन घंट्यांचं.
अजून त्याला चावी दिलेली नाही.